तंबूरावांचा दगड

माझ्या वडिलांना सगळं गाव तंबूराव म्हणायचं. तोंडावर नाही हं. तोंडावर "साहेब, जरा चष्म्याची काडी बघता का," आणि पाठ वळली की तंबूराव. शाळेत मी तंबूरावची मुलगी, लग्नात मी तंबूरावची मुलगी. आता केस पांढरे झाले, गुडघा कुरकुरायला लागला, बाबांच्या मागे त्यांचं चष्म्याचं दुकान मी चालवते, तरी गिऱ्हाईक दारात उभं राहून मलाच विचारतं, "तंबूरावांचं दुकान हेच ना?" डोक्यात तिडीक जाते माझ्या. पण गिऱ्हाईकावर ओरडून कसं चालेल, म्हणून मी त्याच्या काचा जरा जास्तच जोरात पुसते.

नावामागची गोष्ट अशी. बाबा तरुणपणी मोजणी खात्यात होते. डोंगरावर चढायचं, तिथे खुणेचा दगड रोवायचा, मग आरशाने उन्हाचा कवडसा खालच्या ठाण्यावर पाडायचा. खालच्यानेही आरशाने उत्तर द्यायचं. त्या उजेडावर नेम धरून वरचा माणूस कोन मोजणार. गावाच्या डोक्यावर जो थोरला डोंगर आहे, त्याच्यावरचा दगड बाबांनी बसवला. असं बाबा म्हणाले. पुढच्या मोसमात तपासणीवाले टोकापर्यंत जाऊन आले, त्यांना दगडबिगड काही दिसला नाही. झालं! हा गृहस्थ वर गेलाच नाही, खाली तंबूत पाय पसरून बसला आणि आकडे मनानेच लिहिले, असा निकाल लागला. बाबांनी राजीनामा टाकला, चष्म्यांचं काम शिकले आणि पुन्हा त्या डोंगराचं नाव घरात काढू दिलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. अरे बाबा, भांडायचं ना!

ते गेल्यावर मी मंडळात शिरले. आमच्या गावात एक मंडळ आहे, मोजणीचे जुने दगड शोधणाऱ्यांचं. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचे, झुडपांत दगड हुडकायचे, सापडला की त्याच्याशेजारी उकिडवं बसून फोटो काढायचा आणि घामेजलेल्या तोंडाने घरी यायचं. नवरा म्हणतो, "लोक डोंगरावर निसर्ग बघायला जातात, तुम्ही दगड बघायला जाता. तो तर आपल्या अंगणातही आहे." तो बस चालवतो, दिवसभर लोकांचं ऐकून घेतो आणि रात्री माझ्यावर वसूल करतो. थोरल्या डोंगरावर मी किती वेळा गेले याची गणती नाही. टोकावर एक दगडांची रास आहे, तिच्या भोवतीची जमीन मी बोटांनी चाचपून काढलीय. आईला सांगायचे, फिरायला जाते. घरात तो विषय बंदच होता ना.

आणि मग वाचनालयाच्या हॉलमधली ती बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनियर. जन्मभर पूल बांधले, माणूस सरळ, पण एकदा गणित मांडलं की देवाचंही ऐकणार नाही. त्यांनी टेबलावर एक लोखंडी पाटी ठेवली, पांढऱ्यावर काळी अक्षरं. "या शिखरावर मोजणीचा दगड कधीही बसवला गेला नाही." थोरल्या डोंगरावर लावायची होती. येत्या रविवारी.

"नवी मुलं येतात आणि माथा उकरत बसतात," अध्यक्ष म्हणाले. "डोंगराची चाळण झालीय. एकदाचा संशय मिटवून टाकू."

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"कधीही? तुम्ही होतात तिथे?"

"ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो..."

"भावना राहू द्या बाजूला. सापडला नाही असं लिहा. मी तुमच्या शेजारी उभी राहून स्क्रू पिळते. बसवलाच नाही असं लिहिलंत, तर ती पाटी मी उपटून टाकेन. आज सगळ्यांसमोर सांगतेय, नंतर चोरी म्हणू नका."

मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "तंबूराव" म्हटलं. हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते म्हणाले, "रविवारी सकाळी निघतोय. तोपर्यंत काही पुरावा आणलात तर पाटी मी स्वतः मोडेन." एकदा ती पाटी खडकात ठोकली गेली असती तर बाबांचा खोटारडेपणा माझ्या नातवंडांनीही वाचला असता.

घरी आले तेव्हा आई मटार सोलत बसली होती. ऐंशी उलटलीय तिची, पण जीभ अजून विशीत आहे. मी चप्पल भिरकावली तशी म्हणाली, "आता कुणाचा जीव घेऊन आलीस?" मग मात्र माझा बांध फुटला. मंडळ, पाटी, इतकी वर्षं चोरून केलेली शोधाशोध, सगळं बोलून टाकलं. आई मटारच्या शेंगा मोडत ऐकत राहिली.

"टोकावर शोधत होतीस?" तिने विचारलं.

"मग कुठे शोधणार?"

"टोकावरून आपलं गाव दिसतं का गं?"

टोकावरून गाव दिसत नाही. पुढे डोंगराचं पोट सुटलंय, ते आडवं येतं. इतक्या वेळा गेले, घामाने डबडबून त्या राशीला टेकून पाणी प्यायले, आणि हे कधी डोक्यात आलं नाही! आम्हा डोंगर चढणाऱ्यांची ही खोडच. सगळ्यात उंच जागा दिसली की पाय तिकडेच धावतात.

"ते टोकाच्या खाली, डाव्या खांद्यावर होते," आई म्हणाली. "खालचं ठाणं गावातच होतं. मी तिथे बसून खांद्यावरचा कवडसा बघितला ना."

"तू?"

तर ही गोष्ट मला इतक्या वर्षांनी, मटार सोलता सोलता कळली. खालच्या ठाण्यावरचा आरसेवाला तापाने फणफणला होता. आई नवी नवरी, बाबांबरोबर मोजणीच्या मुक्कामात राहायची. बाबांनी तिला आरसा धरायला शिकवलं आणि हमालाला घेऊन वर गेले. खाली उन्हात बसून वरच्याला उत्तर दिलं ते माझ्या आईने. मी तेव्हा तिच्या पोटात होते, म्हणजे तशी साक्षीदार मीही.

"मग चौकशीत तू सांगितलं का नाहीस?"

आईने शेंग खाली ठेवली. "नियम असा होता. काम झालं की वरचा माणूस आरसा तीनदा झाकणार. मग खालच्याने आपला आरसा झाकायचा आणि उठायचं. तोवर हलायचं नाही. यांचा कवडसा आला, मी उत्तर दिलं, चांगला बराच वेळ चाललं. मग ढग आले. मी संध्याकाळपर्यंत बसून होते, पण ती खूण काही आली नाही. चौकशीत साहेबाने विचारलं, बाई, काम झाल्याची खूण आली का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, बरं, या तुम्ही."

"आणि आधीचा कवडसा?"

"विचारलाच नाही. मी सांगायला गेले तर म्हणाला, नवऱ्याच्या बाजूने बायको बोलणारच. हमाल तर तोवर दुसऱ्या मुलखात निघून गेला होता." तिचा आवाज चढला. "माझं 'नाही' तेवढं खरं धरलं मेल्यांनी, आणि 'हो' ऐकूनसुद्धा घेतलं नाही! यांना आधी खोटारडे म्हणाले आणि मग म्हणे, दगड कुठे आहे ते दाखवा. यांनी तोंडाला कुलूप घातलं. मलाही शपथ घातली, माझ्या जिवात जीव असेपर्यंत बोलायचं नाही. मी नाही बोलले. पण माझ्या एका शब्दावर त्यांची नोकरी गेली, हे रोज गिळलंय मी. रोज."

आई रडत नव्हती. मीच रडत होते, आणि रागाने. मग तिने मटारचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "दुकानातून दोन आरसे आण. ठाणं होतं तिथे आता पाण्याची टाकी आहे. रविवारी मला तिथे खुर्ची टाकून द्यायला सांग जावईबापूंना."

आरसे मी स्वतः तयार केले. दोन्हींच्या पाठीमागचा मुलामा मधोमध खरवडून डोळा लावायपुरती जागा केली. त्यातून समोर बघायचं आणि आरसा हळूहळू कलवत कवडसा नेमका तिथे न्यायचा. आईने दुकानाच्या पायरीवर बसून समोरच्या शिंप्याच्या भिंतीवर सराव केला. शिंपी दोनदा बाहेर येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा कवडसा त्याच्या डोळ्यांवर बसला तेव्हा म्हणाला, "आजी, मी काय वाकडं केलंय तुमचं?" आई म्हणाली, "बाजूला हो, मोजणी चाललीय."

रविवारी निघताना नवऱ्याने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "डॉक्टरांनी तुला जिनेसुद्धा चढू नको म्हणून सांगितलंय."

"जिने नाहीतच तिथे. डोंगर आहे."

"आणि काही सापडलं नाही तर?"

"तर पाटी उपटून येते. सोडवायला या."

त्याने मान हलवली, आईची खुर्ची खांद्यावर टाकली आणि छत्री बगलेत मारली. माणूस बोलतो फार, पण वेळेला उभा राहतो.

चढताना अध्यक्ष पुढे, पाटी त्यांच्या पाठीवर बांधलेली. मी मागे, कुदळ आणि आरसा घेऊन. मंडळाची आणखी चार माणसं होती, ती मधूनमधून माझ्याकडे बघून आपापसांत डोळे मिचकावत होती. मिचकावा म्हटलं. गुडघा पहिल्या चढावरच बोंबलायला लागला. अध्यक्षांनी थांबून हात पुढे केला, मी घेतला नाही. त्या दिवशी मी कुणाचाच हात घेणार नव्हते.

टोकाखालच्या वळणावर आमच्या मंडळींनी रिवाजाप्रमाणे एकेक दगड उचलला. हा आमचा जुना मान. वर जाताना डोंगराच्या खांद्यावरून एक दगड न्यायचा आणि टोकावरच्या राशीत टाकायचा. मंडळ निघालं तेव्हापासून चालत आलंय, म्हणून तर ती रास पुरुषभर उंच झालीय. मी दगड न उचलता डावीकडे वळले.

"ताई, वाट इकडे आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तुमची असेल."

खांदा म्हणजे उतरती सपाटी, गवत आणि काटेरी झुडपं. फोनला रेंज नाही, म्हणजे आईशी बोलायची सोय संपली. समोर जवळच्या दोन टेकड्या, त्यांच्या मधल्या फटीत धुरकट गाव. गाव कसलं, नुसता राखेचा पट्टा. टाकी कुठली आणि घरं कुठली, कळायला मार्ग नव्हता. मी आरसा डोळ्याला लावला आणि त्या फटीवरून कवडसा सावकाश फिरवला. काही नाही. चार पावलं सरकले, पुन्हा फिरवला. काही नाही. मंडळींनी आपले दगड राशीवर टाकले आणि गंमत बघायला खाली येऊन झुडपाच्या सावलीत बसली. एकाने डबा उघडला.

आईचे डोळे पूर्वीसारखे नाहीत, चष्मा मीच करून दिलाय. तिला दिसलंच नाही तर? ती खुर्चीत झोपली असेल तर? पश्चिमेकडून एक ढग यायला लागला, तेव्हा मात्र मी त्याला मोठ्याने शिवी दिली. डबेवाल्याचा घास तोंडातच राहिला.

"ताई, पुरे आता," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

"पुरे म्हणायला तुम्ही उन्हात आहात कुठे?"

मी एका काटेरी झुडपाला वळसा घालून पलीकडे गेले आणि आरसा फिरवला. खालून, त्या राखेतून, एकदम पांढरा ठिपका पेटला. एवढा लख्ख की डोळा मिटला माझा. मी एक पाऊल उजवीकडे टाकलं, टेकडी आड आली आणि ठिपका गेला. परत आले, तो तिथेच होता. स्थिर, जरासुद्धा न हलता.

"आई!" मी ओरडले. ऐकू जाणार नव्हतं, तरी ओरडले. "अहो, माझी आई आहे ती!"

अध्यक्ष उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. मग त्यांनी एकदा टोकाकडे बघितलं, एकदा खाली, आणि स्वतःशीच म्हणाले, "टोकावरून हे ठाणं दिसणारच नाही. खूण इथेच हवी." पाठीवरची पाटी त्यांनी उतरवून ठेवली. "कुदळ द्या इकडे. दगड कुणी हलवला असला तरी त्याच्याखाली दुसरी खूण ठेवायची पद्धत होती, खडकातच कोरलेली फुली. तिच्यावर न कुजणारं काहीतरी पसरत. कोळसा, काच, काहीही. उकरणाऱ्याला कळावं म्हणून."

झुडपाच्या पलीकडे, जेमतेम एका खोलीएवढ्या जागेत तो ठिपका दिसत होता. तेवढीच जागा आम्ही खणायला घेतली. डबेवालाही हात पुसून आला. माती टाकायला घमेलं नव्हतं, तेव्हा अध्यक्षांनी आपली पाटी उलटी केली आणि तिच्यावरून माती वाहिली. एका ठिकाणी माती भुसभुशीत लागली. दगड बसलेला असावा आणि कुणीतरी उपटून नेला असावा, असा खळगा. त्याच्या तळाशी कुदळीला काहीतरी किणकिणलं.

निळ्या पट्ट्याच्या कपाचे तुकडे होते ते. कान अख्खा शिल्लक होता.

त्या निळ्या पट्ट्याच्या कपांतून मी लहानपणापासून चहा पीत आलेय. घरात बशा सहा आणि कप पाच. सहावी बशी आई वर्षानुवर्षं पुसून मागे ठेवते आणि कुणाला वापरू देत नाही. मी तुकडे ओंजळीत धरून बसले. अध्यक्षांनी फडक्याने खडक पुसला. खाली फुली होती. छिन्नीने कोरलेली, खोल आणि सरळ.

मग अध्यक्ष वळले आणि टोकावरच्या त्या पुरुषभर राशीकडे बघत राहिले.

"या फुलीवरचा दगड आपल्याच राशीत आहे," ते म्हणाले. "आपणच नेऊन टाकला. मान म्हणून."

ते तसेच चालत वर गेले आणि रास उतरवायला लागले. एकेक दगड उचलायचा, उलटासुलटा करून बघायचा, बाजूला ठेवायचा. बाकीची मंडळी मुकाट त्यांच्यामागे गेली. त्या दिवशी तो दगड सापडला नाही, पण अजून दर रविवारी ते जातात.

मी मात्र जागेवरच थांबले. खालचा ठिपका अजून तसाच होता. आई वाट बघत होती. मला एकदम आठवलं की तिचं काम अजून संपलेलंच नाही. मी फुलीवर उभी राहिले, नेम धरला आणि आरसा हाताने झाकला. एकदा. दोनदा. तीनदा.

नियमाप्रमाणे तिने आता आरसा झाकायला हवा होता. तिने झाकला नाही. ऊन कलेपर्यंत तो उजेड माझ्या अंगावर होता, आणि मी त्यात उभी राहून मनसोक्त रडले. नवरा नंतर म्हणाला, "मी म्हटलं, सासूबाई, आता उठा. तर म्हणाल्या, तेव्हा मी बसले होते ना? आता डोंगराला बसू दे."

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः घरी आले, मातीने माखलेली पाटी घेऊन. आईने कपाचे तुकडे मांडीवर घेतले, कान बोटात अडकवून बघितला. मग भडकली. "घाटात पडून फुटला म्हणाले होते मला! माझ्या माहेरचा सेट! एवढा डोंगर पडला होता, दुसरं काही सापडलं नाही त्यांना पुरायला?" बोलता बोलता ती त्या तुकड्यांवर वाकून हमसाहमशी रडली. मी जवळ जायला लागले तर हाताने दूर सारलं. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून तिने अध्यक्षांकडे मोहरा वळवला.

"ती पाटी मोडणार होता म्हणे."

"आत्ता मोडतो, आई."

"मोडू नका. चांगलं लोखंड आहे. खरवडा आणि नव्याने लिहा. लिहा, ते वर होते. मी पाहिलं."

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं. "खाली नाव काय घालू?"

आई खुर्चीत ताठ बसली.

"तंबूरावची बायको. आणि ज्याला हसायचं असेल त्याने डोंगर चढून यावं, तिथे उभं राहावं आणि मग हसावं."